रंजन आणि विश्रांती : संगीतश्रवणाच्या प्रयोजनवाचक शब्दांचा इतिहास

संगीतविषयक मराठी लेखनात 'केवळ मनोरंजन' हा शब्दप्रयोग गेल्या शतकात इतका रूढ झाला की त्यातील 'केवळ' हे पद कोठून आले, याचा विचार सहसा केला जात नाही. दिवसभराच्या श्रमानंतर एखादे आनंदी चालीचे गाणे ऐकून मन हलके करून घेणे ही संगीताची गौण उपयोगिता, आणि साधना, रससिद्धी किंवा मोक्ष हे त्याचे खरे प्रयोजन, अशी उतरंड अनेक ग्रंथकारांनी गृहीत धरलेली आहे. ही उतरंड प्राचीन शास्त्रकारांनीच घालून दिली, असेही पुष्कळदा सांगितले जाते. जुन्या ग्रंथांतील आणि बोलीतील शब्दांची साक्ष मात्र निराळी आहे. चित्ताला विश्रांती देणे आणि चित्त प्रसन्न करणे या दोन क्रिया त्या शब्दांत फारशा वेगळ्या नाहीत. आणि त्यांना कमी लेखण्याची प्रवृत्ती वाटते तितकी जुनीही नाही.

प्रथम धातूंचा विचार करणे सोयीचे होईल. 'रंजन' आणि 'राग' हे दोन्ही शब्द 'रञ्ज्' या धातूपासून आलेले असून रंग चढणे, रंगविणे हा त्याचा मूळ अर्थ होय. 'राग' म्हणजे आधी रंग, विशेषतः तांबडा, मग आसक्ती, आणि मतंगाच्या 'बृहद्देशी'पासून लोकांचे चित्त रंगविणारा स्वरांचा विशिष्ट विन्यास. मराठीने नित्याच्या व्यवहारात 'राग' शब्दाला क्रोधाचा अर्थ दिला, हा त्याच तांबड्या रंगाचा आणखी एक परिणाम. परंतु धातूचे मूळ चित्र 'रंगणे' या क्रियापदात अधिक ताजे राहिले आहे. 'गाणे रंगले', 'मैफल रंगली', 'श्रोते रंगून गेले' या तीन वाक्यांत कर्ता बदलतो, क्रियापद तेच राहते. गाणारा, ऐकणारा आणि तो प्रसंग हे सर्व एकाच हौदात बुडवून काढावेत, अशी ही कल्पना आहे. कीर्तनातील पूर्वरंग आणि उत्तररंग यांमधील 'रंग' नाट्यपरिभाषेतून आलेला आहे, हे खरे. पण कीर्तनाला बसलेल्या श्रोत्याने हा भेद कधी मानला असेल असे वाटत नाही.

दुसरा धातू 'रम्'. धातुपाठात त्याचा अर्थ 'क्रीडा' असा दिलेला असला, तरी वैदिक भाषेत तो 'थांबणे, स्थिर होणे, स्थिर करणे' या अर्थाने येतो. ऋग्वेदाच्या दुसऱ्या मंडलातील इंद्रसूक्तात खवळलेले पर्वत इंद्राने स्थिर केले असे म्हटले आहे, तेथे याच धातूचे रूप आहे. पुढे 'रमते' म्हणजे आनंद पावतो, आणि 'विरमति' म्हणजे थांबतो, अशी विभागणी झाली. वि, आ, परि या उपसर्गांनंतर या धातूला परस्मैपद होते, असा स्वतंत्र नियमच पाणिनीने पहिल्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात दिला आहे; म्हणजे अर्थाच्या दोन शाखा व्याकरणातही नोंदल्या गेल्या. विराम, उपरम हे एका शाखेचे. रमणीय, रम्य, मनोरम हे दुसऱ्या शाखेचे. इराणी शाखेतही हाच धातू आहे. अवेस्तातील 'रामन्' म्हणजे शांती, आणि फारसीतील 'आराम' म्हणजे विसावा. संस्कृतातील 'आराम' म्हणजे रमण्याची जागा, उपवन. मराठी माणूस 'जरा आराम करतो' असे म्हणतो तेव्हा तो फारसी शब्द वापरीत असतो. पण एका अर्थी एका प्राचीन कुटुंबाच्या दोन घरांतील भावंडे त्याच्या तोंडी एकत्र आलेली असतात. जे थांबवते तेच सुखवते, हा अनुभव या धातूच्या पोटात आहे.

'विश्रांती'चे घरगुती रूप 'विसावा' होय. ग्रामाचे 'गांव', नामाचे 'नांव', तसे विश्रामाचे 'विसांवा'. मूळ मकार प्राकृत-अपभ्रंशाच्या वाटेने सानुनासिक वकारात उतरला आणि जुन्या लेखनातील अनुस्वार ही त्याची खूण होती. १९६२ च्या शुद्धलेखनविषयक नियमांनी हे अनुच्चारित अनुस्वार गेले, तेव्हा लेखन सुकर झाले. मात्र शब्दाच्या जन्मखुणेचा एक पुरावाही त्याबरोबर पुसला गेला. 'करमणे' हे क्रियापद आणखी वेगळ्या कारणाने लक्षात घेण्याजोगे आहे. ज्याला करमते तो वाक्यात कर्ता नसतो. त्याला चतुर्थी लागते. शिवाय हे क्रियापद बहुधा नकारार्थी येते. 'मला येथे करमत नाही' हे वाक्य सहज ऐकू येते; 'मला येथे करमते' हे वाक्य त्या मानाने क्वचित आणि बहुधा उत्तरादाखल. मन लागत नाही ही अवस्था भाषेने आधी ओळखली आणि करमणूक हा तिच्यावरचा उपाय म्हणून आला, असे या वापरावरून म्हणता येईल.

ग्रंथांकडे वळल्यास आरंभ भरताच्या नाट्यशास्त्रापासून करावा लागतो. पहिल्याच अध्यायात देव ब्रह्मदेवापाशी मागतात ते डोळ्यांना आणि कानांना सुखविणारे एक खेळणे. आणि नाट्याची फले सांगताना दुःखाने, श्रमाने आणि शोकाने पीडलेल्यांना ते विश्रांती देईल, असे ग्रंथकार सांगतो. हे विधान नाट्याविषयी आहे, निव्वळ गायनाविषयी नाही, हे खरे. तथापि भरताच्या नाट्यातून गीत आणि वाद्य वेगळे काढताच येत नाहीत. रसानुसार स्वरांची योजना सांगताना त्याने मध्यम आणि पंचम हे हास्य व शृंगार या रसांना दिले, तर गांधार आणि निषाद करुणाला. आनंदी गाण्याचे आणि दुःखी गाण्याचे स्वर निराळे, ही लोकांची समजूत अशा प्रकारे शास्त्रातही नोंदलेली आहे.

वैद्यकाची साक्ष याहून थेट आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पंधराव्या अध्यायात शोधनचिकित्सेसाठी रुग्णगृहाची तयारी सांगितली आहे. घर कसे असावे, भांडी कोणती, औषधे कोणती, परिचारक कसे, या यादीतच गायन, वादन, गाथा, आख्यायिका, इतिहास आणि पुराणे यांत कुशल असणारी माणसे येतात. ती चैनीच्या सदरात आलेली नाहीत. स्वयंपाकी, स्नान घालणारे आणि औषधे कुटणारे यांच्यासोबतच ती मोजलेली आहेत. त्याच स्थानातील पंचविसाव्या अध्यायात श्रेष्ठ वस्तूंची एक लांबलचक गणना असून, तृप्ती देणाऱ्या गोष्टींत हर्ष, शोषण करणाऱ्या गोष्टींत शोक आणि रोग वाढविणाऱ्या गोष्टींत विषाद यांना अग्रस्थान दिलेले आहे. मात्र एक गोष्ट दृष्टिआड करता कामा नये. गायकांसह सज्ज असलेले ते रुग्णगृह राजासाठी, राजासारख्यासाठी किंवा विपुल द्रव्य असलेल्यासाठी आहे. दरिद्री रुग्णाने जे साधन हाती येईल त्यावर निभवावे, असे संहिताच पुढे सांगते.

गोड स्वर ऐकले की मन प्रसन्न होतेच, असे मात्र संस्कृत परंपरेने भाबडेपणाने मानलेले नाही. शाकुंतलाच्या पाचव्या अंकात हंसपदिकेचे गाणे कानी पडताच दुष्यंत अकारण व्याकूळ होतो. सुखात असलेला जीवही मधुर स्वरांनी अस्वस्थ का व्हावा, असा प्रश्न त्याला पडतो. नाट्यशास्त्रावरील आपल्या टीकेत अभिनवगुप्ताने रसविवेचनाच्या ओघात याच स्थळाचा आधार घेतला आहे. दहाव्या शतकाच्या अखेरीस आणि अकराव्याच्या आरंभी काश्मीरात होऊन गेलेल्या या आचार्याचे प्रस्तुत विषयावरील विवेचन सर्वांत सूक्ष्म असल्यामुळे ते थोडे सविस्तर पाहणे योग्य होईल.

रसाच्या आस्वादात सात विघ्ने येतात, असे अभिनवगुप्त सांगतो. त्यांपैकी एक म्हणजे प्रेक्षक स्वतःच्या सुखदुःखाने विवश झालेला असणे. घरचा कलह, देणे, आजार किंवा उलटपक्षी एखादी मोठी खुशी डोक्यात घेऊन जो आला आहे, तो आपली संवित्ती दुसऱ्या विषयावर विसावणार कशी? येथे त्याने 'वि-श्रम्' याच धातूचे प्रयोजक रूप वापरले आहे. या विघ्नावर उपाय म्हणून तो वाद्ये, गायन, चित्रविचित्र मंडप आणि चतुर गणिका यांचा निर्देश करतो, आणि या सर्वांच्या कार्याला नाव देतो 'उपरंजन'. रंजन आणि विश्रांती हे दोन शब्द एकाच वाक्यात आणि कार्यकारणाच्या नात्याने येथे आढळतात. आधी चित्तावर रंग चढतो, म्हणून ते दुसरीकडे विसावू शकते. हे रंग असे असावेत की ते कोणा एकाच्या मालकीचे न वाटता सर्वांना भोगता यावेत. त्यायोगे अरसिकाचेही हृदय निर्मळ होऊन तो सहृदय बनतो. थकल्याभागल्या माणसाने गाणे ऐकून बरे वाटून घेणे ही गोष्ट अभिनवगुप्ताच्या मांडणीत रसास्वादाच्या खालची पायरी ठरत नाही. रसमंदिराचा दरवाजा याच बाजूने उघडतो, असे त्याचे म्हणणे दिसते.

दक्षिणेत या विचाराला राजवाड्यात जागा मिळाली. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने शके १०५१ मध्ये, म्हणजे इ. स. ११२९ च्या सुमारास, 'मानसोल्लास' हा ग्रंथ सिद्ध केला. (आजचे बसवकल्याण ते हेच, बीदर जिल्ह्यात.) मनाचा उल्हास हे ग्रंथाचे नावच बोलके आहे. पाच विंशतींच्या या ग्रंथात राज्य मिळविणे, ते स्थिर करणे आणि उपभोग यांनंतर चौथी विंशती विनोदांची आहे, आणि गीत, वाद्य, नृत्य हे त्या विनोदांत मोडतात. 'विनोद' म्हणजे येथे थट्टा नव्हे. 'वि-नुद्' म्हणजे दूर सारणे. कंटाळा, शीण, शोक यांना बाजूला लोटणारे ते विनोद. मराठीने या शब्दाचा अर्थ हसण्यापुरता आवळून घेतला आणि एक उपयुक्त पारिभाषिक शब्द गमावला, असे म्हणावेसे वाटते.

राजाच्या फावल्या वेळासाठी रचलेल्या या ग्रंथात मराठीच्या अभ्यासकाला मात्र एक वेगळीच गोष्ट सापडते. महाराष्ट्रात स्त्रिया कांडताना ओवी गातात, अशी नोंद सोमेश्वराने केली आहे. ओवीचा इतका जुना आणि इतका निःसंदिग्ध उल्लेख दुसरा नाही, म्हणून छंदःशास्त्राच्या आणि वाङ्मयेतिहासाच्या ग्रंथांत तो वारंवार येतो. परंतु तेथे त्याकडे छंदाचा पुरावा म्हणून पाहिले जाते. कांडण्याकडे कोणी पाहत नाही. विनोदांच्या यादीत राजा श्रम संपवून गाणे ऐकतो. मुसळ हाती असलेली स्त्री श्रम चालू असताना गाते, आणि ती स्वतःच आपली श्रोती असते. येथे मंडप नाही, गणिका नाही, दुसरे वाद्यही नाही. ताल मुसळाचा किंवा जात्याच्या घरघरीचा.

ही परंपरा पुढे आठ शतके चालत राहिली. साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन'मध्ये अशा ओव्या संकलित केल्या. १९८० च्या दशकापासून हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रातील खेड्यांतून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. पिठाच्या गिरण्या आल्या आणि जाते थांबले, तसा त्या ओव्यांचा प्रसंगच नाहीसा होत गेला. या ओव्यांचा विषय पाहिला तर तो पुष्कळदा सुखाचा नाही. माहेरची ओढ, सासरचा जाच, लेकीची पाठवणी, मेलेल्या मुलाची आठवण असे त्यांत खूप आहे. तरीही दळण हलके होते, पहाट लवकर सरते, असा गाणाऱ्यांचाच अनुभव. अभिनवगुप्ताचा उपाय असा होता की प्रेक्षकाला त्याच्या दुःखापासून रंगांनी दूर न्यावे. जात्यावरची स्त्री ते दुःख तेथेच ठेवते, ते जात्याला, देवाला, सखीला सांगते, आणि आधीच ठरलेल्या शब्दबंधांत घालते. ते शब्दबंध तिच्या आईचे आणि शेजारणीचेही असतात. ज्याला काश्मीरी आचार्य 'साधारण्य' म्हणतो, ते येथे दुसऱ्या टोकाकडून येते. आनंदी संगीत म्हणजे आनंदाविषयीचे संगीत, हे समीकरण त्यामुळे ओवीला लागू पडत नाही. उलट 'धवळे' हा लग्नप्रसंगीचा गीतप्रकार सर्वस्वी मंगलाचा आहे, आणि महदंबेच्या हातून त्याला मराठीच्या आरंभकाळातच वाङ्मयीन रूप मिळाले.

ओवी आणि धवल या दोहोंना शास्त्रग्रंथात स्थान मिळाले ते देवगिरीला. सिंघण यादवाच्या पदरी श्रीकरणाधिप, म्हणजे हिशेबखात्याचा प्रमुख अधिकारी, असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात 'संगीतरत्नाकर' लिहिला. त्याच्या प्रबंधाध्यायात विप्रकीर्ण प्रबंधांमध्ये हे दोन्ही येतात. शार्ङ्गदेवाचे घराणे मूळचे काश्मीरचे. त्याचा आजा भास्कर दक्षिणेत आला. भरताच्या टीकाकारांत तो अभिनवगुप्ताचे नाव घेतो. काश्मीरचा विचार आणि महाराष्ट्रातील देशी गीते अशा रीतीने एका हिशेबनिसाच्या ग्रंथात एकत्र आली.

'मनोरंजन' या शब्दाच्या इतिहासात या ग्रंथाचे महत्त्व विशेष आहे. शार्ङ्गदेव नादाचे अनाहत आणि आहत असे दोन प्रकार करतो. योगी अनाहताची उपासना करतात, त्याने मुक्ती मिळते. पण त्यात रक्ती नसल्यामुळे तो नाद माणसांना मनोरंजक नाही, असे तो म्हणतो. येथे 'मनोरंजक' हा शब्द जवळजवळ याच रूपात आहे, आणि मनोरंजक नसणे हे उणेपण म्हणून सांगितलेले आहे. म्हणून तो आहत नादाचा मार्ग स्वीकारतो, आणि त्या गेय नादाला दोन विशेषणे एकाच दमात देतो: लोकांचे रंजन करणारा आणि भवबंध तोडणारा. त्यांत वरचे कोणते आणि खालचे कोणते, हे सांगण्याची गरज त्याला वाटली नाही. गीताची थोरवी सांगताना त्याने दिलेले उदाहरणही अगदी घरगुती आहे. ज्याला अजून कोणत्याही विषयाची गोडी कळलेली नाही असे पाळण्यातले रडणारे मूल गाणे कानी पडताच हर्षभरित होते. मुलाला रसशास्त्र ठाऊक नसते, आणि मोक्षाचीही त्याला घाई नसते.

मग 'केवळ' आले कोठून? मध्यंतरीच्या शतकांतील दुवे येथे सोडून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीकडे यावे लागते. १८९० साली हरि नारायण आपटे यांनी साप्ताहिक काढले, तेव्हा त्याला 'करमणूक' हेच नाव दिले. त्या नावात कमीपणा आहे असे त्यांना वाटले नाही. तत्पूर्वी १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'संगीत शाकुंतला'पासून तिकीट काढून गाणे ऐकणारा एक नवा श्रोतृवर्ग मराठीत उभा राहू लागला होता. हंसपदिकेच्या गाण्याने व्याकूळ होणारा तो दुष्यंत आता पुण्याच्या रंगभूमीवर स्वतःच गात होता. १९२३ साली मुंबई सरकारने कायदा करून अशा तिकिटांवर शुल्क बसविले, आणि 'करमणूक शुल्क' हा शब्द सरकारी कागदांत आला. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू होईपर्यंत, जवळजवळ शंभर वर्षे, तो टिकला. ज्या गोष्टीला शास्त्रकारांनी चित्ताची विश्रांती म्हटले, ती शासनाच्या वहीत कर बसविण्याजोगी चैन ठरली. शब्दाची किंमत उतरण्यास असे व्यावहारिक कारणही पुरेसे असते.

दुसरे कारण अधिक उदात्त होते. मैफलीतील आणि कोठीवरील गाण्याला प्रतिष्ठा मिळवून देण्यासाठी पलुसकर आणि भातखंडे यांच्या पिढीने जे प्रयत्न केले, त्यांत संगीत ही विद्या आहे हे ठसविणे आवश्यक होते, आणि त्या भरात करमणूक हा शब्द मागे ढकलला गेला. स्वतः भातखंड्यांवर मात्र हा दोष ठेवता येत नाही. रागाला रंजकता हवीच, हे लक्षण त्यांनी सोडले नाही. आणि 'हिंदुस्थानी संगीत पद्धति' हा त्यांचा मराठी ग्रंथ गुरुशिष्यांच्या संवादरूपाने लिहिलेला असल्यामुळे तो आजही कंटाळवाणा होत नाही.

या उतरंडीला राजसत्तेचा आधार मिळाला तो स्वातंत्र्यानंतर. बा. वि. केसकर १९५२ ते १९६२ या काळात केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री होते. अभिजात संगीताविषयी त्यांची तळमळ खरी होती आणि आकाशवाणीवरील शास्त्रीय संगीताने त्या दशकात जे बळ धरले त्याचे श्रेय त्यांना द्यावे लागते. पण त्यांच्या कारकीर्दीच्या आरंभीच हिंदी चित्रपटगीते आकाशवाणीवरून जवळजवळ नाहीशी झाली. त्यांच्या जागी आलेल्या गीतप्रकारासाठी 'सुगम संगीत' हा शब्द आकाशवाणीनेच रूढ केला. कानाला सोपे तेवढेच मान्य, चंचल ते अमान्य, असा त्याचा ध्वनी. श्रोत्यांनी वाद घातला नाही. त्यांनी काटा फिरवून रेडिओ सिलोन लावले. १९५२ मध्येच तेथे अमीन सायानींची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली होती. कार्यक्रम मुंबईत तयार होई आणि सिलोनहून ऐकू येई. कामावरून परतलेल्या माणसाला संध्याकाळी काय ऐकून बरे वाटावे, हे दुसऱ्या कोणी ठरविण्याचा तो प्रयत्न पाच वर्षांत मागे पडला. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली, आणि तिच्या उद्घोषणेत शब्द आला 'पंचरंगी कार्यक्रम'. मुंबई केंद्रावर पुढे 'कामगार सभा' या नावाच्या कार्यक्रमातून गिरणीच्या पाळीवरून सुटलेल्यांच्या घरी मराठी गाणी पोचत राहिली. त्या नावात गाण्याचा उल्लेखच नाही. ऐकणाऱ्याच्या श्रमाचा मात्र आहे.